मस्कासाथच्या पेढीचे डॉट कॉम: मुदत संपल्यावरचे ४२ दिवस

(हे प्रकरण नमुन्यादाखल बांधले आहे. पेढी, रजिस्ट्रार (डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव, नोंदवून देणारी कंपनी), तारखा आणि बोलीचे आकडे अभ्यासासाठी घेतले आहेत. डोमेनच्या मुदती आणि नियम प्रत्यक्षातले आहेत.)

१३ मार्चच्या दुपारी रायपूरच्या एका व्यापाऱ्याचा नागपूरच्या इतवारीत, मस्कासाथमधल्या मसाल्याच्या घाऊक पेढीत फोन आला. तीन हॉटेलांची एकत्र ऑर्डर त्याने मेलवर टाकली होती आणि मेल परत आला होता. धाकट्या मालकाने मोबाइलवर पेढीची वेबसाइट उघडली. सावजी मसाल्याच्या फोटोंच्या जागी जाहिरातींच्या दुव्यांचे एक पांढरे पान आले, त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेले: या नावाची मुदत संपली आहे, लिलाव सुरू आहे.

नाव २००९ मध्ये नोंदवलेले, १३ अक्षरी, पेढीच्या नावातले दोन शब्द जोडून केलेले डॉट कॉम. मुदत १० फेब्रुवारीला संपली होती. म्हणजे हा ३१ वा दिवस.

महिनाभर कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, हा पहिला प्रश्न. पेढीचा धंदा फोनवर आणि व्हॉट्सॲपवर चालतो, शिवाय फेब्रुवारी-मार्च म्हणजे कळमन्याच्या बाजारात मिरचीची आवक जोरात, स्वतःची वेबसाइट बघायला कोणाला वेळ? पण खरे कारण मेलच्या रचनेत होते. मेलबॉक्स वेगळ्या कंपनीकडे भाड्याने घेतलेला होता, त्याचे भाडे वेळेवर जात होते. त्यामुळे लॉग-इन होत होते, जुने मेल दिसत होते, पेढीकडून गेलेला मेलही काहींना पोचत होता. बंद पडले होते ते फक्त येणे. नावावर आलेला मेल कोणत्या मेलबॉक्सकडे जायचा हे डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटच्या पत्तेवहीतली, एमएक्स नोंद सांगते, आणि ही नोंद नेमसर्व्हर नावाच्या यंत्रांवर असते. मुदत संपल्यावर काही दिवसांनी रजिस्ट्रारने नाव स्वतःच्या जाहिरात-पानाच्या नेमसर्व्हरकडे फिरवले, की ती नोंद नाहीशी होते आणि येणारा मेल बहुधा थेट नाकारला जातो. घेणारा सर्व्हर तात्पुरता बंद असेल तर पाठवणारा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. इथे पत्ताच नाहीसा झालेला, त्यामुळे तीही सवलत नाही. इनबॉक्स शांत होता आणि शांत इनबॉक्स कोणाला खटकत नाही.

खाते कोणाचे

नाव पेढीचे, पण रजिस्ट्रारकडचे खाते वेबसाइटवाल्याचे. २००९ मध्ये धरमपेठेतल्या एका होतकरू मुलाने साइट करून दिली, नाव स्वतःच्याच खात्यातून घेतले, पैसे पेढीने रोखीने दिले. तो पुढे पुण्याला नोकरीला गेला. नागपुरातल्या निम्म्या जुन्या दुकानांची हीच कथा निघेल. रजिस्ट्रारच्या दृष्टीने ग्राहक तो, मालक तो, आठवणीची पत्रेही त्यालाच.

पत्रे गेली नाहीत असे नाही. डोमेन-नावांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी दुसरी सूचना द्यावी लागते, शिवाय मुदत संपल्यावर पाच दिवसांत तिसरी. तिन्ही त्या मुलाच्या जुन्या मेलवर पडून होत्या, जो त्याने कधीच सोडला होता.

आणि ऑटो-रिन्यू, म्हणजे आपोआप नूतनीकरण? ते चालू होते, फसले. मागचे नूतनीकरण एकदम पाच वर्षांचे केले होते. दरम्यान रिझर्व्ह बँकेचा आवर्ती देयकांचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला: कार्डधारकाने ई-मँडेट नोंदवून मंजुरी दिलेली नसेल, तर दुकानदाराने साठवलेल्या कार्डावरून परस्पर पैसे काढणे बँक नाकारते. परदेशी रजिस्ट्रारकडे असे मँडेट बहुधा नसतेच. पाच वर्षांत पहिल्यांदाच पैसे कापायची वेळ आली आणि व्यवहार नाकारला गेला. पडद्यावर ऑटो-रिन्यू चालू दिसते म्हणून निर्धास्त राहणाऱ्या भारतीय खातेदारांनी हा एक मुद्दा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

मुनिमाची तपासणी आणि रजिस्ट्रीचा चकवा

गंमत म्हणजे १३ फेब्रुवारीला, तिसऱ्याच दिवशी, पेढीच्या मुनिमाने नाव तपासले होते. डायरीत लिहिलेली मुदत त्याला आठवली. त्याने रजिस्ट्रीच्या, म्हणजे सगळ्या रजिस्ट्रारांच्या वरची मूळ वही ठेवणाऱ्या कंपनीच्या, नोंदीत नाव टाकले, मुदतीची तारीख पुढच्या वर्षीची दिसली, "भरले वाटते पोराने" म्हणून त्याने डायरीत बरोबरची खूण केली.

नोंद खोटी नव्हती. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन. मुदत संपताच ती प्रत्येक नाव आपोआप एक वर्षाने पुढे ढकलते आणि त्याचे पैसे रजिस्ट्रारच्या खात्यातून घेते. त्यापुढे ४५ दिवस रजिस्ट्रारला मुभा असते: ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर नाव काढून टाकायचे आणि पैसे परत घ्यायचे. म्हणजे या ४५ दिवसांत रजिस्ट्रीत पुढच्या वर्षीची तारीख दिसणे म्हणजे ग्राहकाने पैसे भरले असे नव्हे. बघायची ती तारखेखालची स्थिती. तिथे 'ऑटो रिन्यू पीरियड' असे असेल तर नाव अजून टांगणीला आहे. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांची अधिकृत माहिती जुन्या हूइजऐवजी आरडॅप या पद्धतीने मिळते. तिच्यातही ही स्थिती स्पष्ट लिहिलेली असते. मुनिमाने एक ओळ खाली वाचली असती तर प्रकरण तिथेच संपले असते, एका साध्या नूतनीकरणात.

या ४५ दिवसांत रजिस्ट्रारने नाव काढले तर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात जुना मालक दंड भरून नाव सोडवू शकतो. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, ज्यात कोणीच काही करू शकत नाही. मग नाव मोकळे होते आणि ते पकडायला विशेष सेवा क्षणाच्या अंशात तुटून पडतात. पुस्तकातला क्रम हा असा. प्रत्यक्षात कोणालाही हवे असलेले नाव बहुधा तिथवर जातच नाही. रजिस्ट्रार ते ४५ दिवसांच्या आतच स्वतःच्या भागीदार बाजारात लिलावाला लावतो, विकले गेले तर रजिस्ट्रीकडे परत न पाठवता थेट विजेत्याच्या खात्यात टाकतो. नावाची नोंदणी-तारीख त्यामुळे २००९ चीच राहते. ते आकर्षणाचे एक मोठे कारण.

या प्रकरणातल्या रजिस्ट्रारचे वेळापत्रक असे होते: २६ व्या दिवशी, ८ मार्चला, लिलाव सुरू, दहा दिवस चालून ३६ व्या दिवशी, १८ मार्चला, बंद, आणि ४२ व्या दिवशी, २४ मार्चला, नाव विजेत्याकडे. दर रजिस्ट्रारचे आकडे वेगळे असतात, बदलतही राहतात, त्यामुळे तुमच्या रजिस्ट्रारच्या नियमांचे पान त्याच दिवशी वाचावे. मात्र एक कलम अनेक ठिकाणी सापडते: नाव विजेत्याकडे जाईपर्यंत जुन्या नोंदणीदाराने नूतनीकरण केले, तर लिलाव रद्द आणि विजेत्याला पैसे परत.

म्हणजे पेढीपुढे दोन दारे होती. वेबसाइटवाल्याच्या खात्यातून नूतनीकरण, दंडासह फार तर काही हजार रुपयांत. किंवा लिलावात अनोळखी लोकांशी बोली. पहिले दार स्वस्त, पण किल्ली पुण्यात. दोन्ही दारे एकदम ठोठावायची हा निर्णय योग्यच होता. चूक पुढे झाली.

पहिले पाच तास

धाकट्या मालकाने लगेच लिलावाच्या बाजारात खाते उघडले आणि मोबाइलवरूनच बोली लावायला सुरुवात केली. त्या वेळी भाव १२ डॉलर, बोलणारे दोन. त्याने पाच वेळा बोली वाढवली, संध्याकाळपर्यंत भाव २५५ डॉलर. बोलणारे सहा.

हे त्याच्यामुळे झाले. बंद व्हायला पाच दिवस बाकी असताना लावलेली प्रत्येक बोली यादीत नाव वर चढवते. नाव विकत घेऊन धंदा करणारे लोक हजारो नावे एकेक बघत नाहीत; बोलीसंख्येने किंवा भावाने चाळणी लावतात आणि वर आलेलीच उघडतात. मग ते जुन्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर जुनी साइट बघतात, कोणकोणत्या संकेतस्थळांनी तिला दुवे दिलेत ते मोजतात. या नावाला वऱ्हाडी जेवणावरच्या लेखांतून, खाद्यपदार्थांच्या पानांतून आलेले चांगले दुवे होते. दुवे, २००९ ची तारीख आणि मागे चालता धंदा. तिसरी गोष्ट ओळखणारा बोलणारा सगळ्यात त्रासदायक, कारण त्याला नाव वापरायचे नसते, ते पेढीलाच चढ्या भावात परत विकायचे असते. त्यापैकी एक यादीत होता. बाजारात बोलणाऱ्यांची नावे झाकलेली असतात. त्याला इथे 'ब' म्हणू.

दुसऱ्या दिवशी एक वेगळाच प्राणी आला. पेढीच्या व्हॉट्सॲपवर संदेश: तुमचे डोमेन आम्ही सुरक्षित केले आहे, ४५,००० रुपये पाठवा, आज ट्रान्सफर करतो. लिलाव चालू असताना ते नाव कोणाच्याच हातात नसते, त्यामुळे 'सुरक्षित केले' याला काही अर्थच नाही. थोरल्या मालकांनी "आधी कोड दाखव" एवढेच लिहिले. ट्रान्सफरचा ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायचा गुप्त कोड, असा दुसऱ्याला दाखवायचा नसतो, पण प्रश्न बरोबर पडला. तो माणूस गप्प झाला.

छत कितीचे

कळमन्यात मिरचीचा लिलाव केलेल्या माणसाला बोली लावणे शिकवावे लागत नाही. तिथे पोत्यात हात घालून भिवापुरी मिरची मोडून बघता येते, समोरच्या अडत्याचा चेहरा दिसतो, तो कुठे थांबेल याचा अंदाज येतो. इथे समोर फक्त आकडा आणि टोपणनाव. म्हणून छत, म्हणजे ज्याच्या वर बोलायचे नाही तो आकडा, आधी कागदावर ठरवावे लागते. पेढीच्या सीएने ते शनिवारी तासभर बसून काढले, आणि हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी तास.

प्रश्न "नावाची किंमत किती" असा ठेवला तर उत्तर मिळत नाही. "नाव गेले तर काय काय बदलावे लागेल" असे विचारले की मिळते. पाकिटांवर मागच्या बाजूला काळ्या रंगात ग्राहक-तक्रारीचा मेल छापलेला. म्हणजे सात आकारांच्या पाकिटांचे काळ्या रंगाचे सात छपाई-सिलिंडर बदलणे, प्रत्येकी ६,००० धरून ४२,०००. छापून आलेला शिल्लक रोल १८० किलो, २६० रुपये किलोने ४६,८००. स्टिकर लावून खपवता येईल, पण हाताने चिकटवायची मजुरी जवळपास तेवढीच. बिलबुके, पाटी, कार्डे ९,२००. नवे नाव, नवी मेल-रचना, जुन्या ग्राहकांना कळवणे १२,०००. बेरीज १,१०,०००.

डॉलर ८५ रुपये धरला तर १,२९४ डॉलर. त्यातून बोलीवर येणारे बाकीचे खर्च वजा करायचे. बँक परदेशी व्यवहारावर साधारण साडेतीन टक्के मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. शिवाय बोलीच्या रकमेवर एक वर्षाचे नूतनीकरण वेगळे, इथे २० डॉलर. हिशोब १,२२२ वर आला, सीएने १,२०० लिहून खाली रेघ मारली. पेढी जीएसटी क्रमांक देऊन घेत असल्याने आयात सेवेवरचा कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानेच, भरायचा आणि पात्र असेल तेवढे क्रेडिट घ्यायचे, म्हणून तो छतात धरला नाही.

एक पर्याय त्याने तपासून बाजूला ठेवला: नाव ब ने नेऊ द्यायचे आणि मग तक्रार करायची. डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी ही नावांच्या वादाची तक्रार-पद्धत आहे. जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एक ते पाच नावांसाठी एका पंचाची फी १,५०० डॉलर, वकील वेगळा, निकालाला साधारण दोन महिने. आणि तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: तुमच्या ट्रेडमार्कशी साम्य, समोरच्याचा कायदेशीर हक्क नसणे, आणि वाईट हेतूने नोंदणी व वापर. मुदत संपलेले नाव लिलावात घेणे हा आपोआप वाईट हेतू ठरत नाही. पेढीचा मसाल्यांसाठीचा ३० व्या वर्गातला ट्रेडमार्क अर्ज अजून मंजूर झालेला नव्हता. १,२०० चे छत या फीच्याही खाली होते, त्यामुळे बोलीच बरी.

त्याच बैठकीत सीएने आणखी दोन कामे सांगितली. पहिले: नाव परत येईपर्यंत जीएसटी पोर्टल, बँक, अन्नसुरक्षा परवाना, विक्री-पोर्टल यांच्यावरचा पेढीचा मेल लगेच बदला. नाव ज्याच्या हाती जाईल तो त्या नावावर येणारा सगळा मेल एका डब्यात पकडू शकतो, आणि 'पासवर्ड विसरलात?' या बटणाचा मेलही त्यातच येतो. हे संध्याकाळपर्यंत झाले. दुसरे: याच नावाचे डॉट इन मोकळे दिसते आहे, हजार रुपयांच्या आत मिळेल, घेऊन टाका. "उद्या घेऊ," असे ठरले.

१८ मार्च, रात्री सव्वानऊ

यादीत बंद होण्याची वेळ अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याच्या वेळेत होती, सकाळी ८:४६. मुनिमाने साडेतेरा तास मिळवून डायरीत रात्री १०:१६ लिहिले. हिवाळ्यात ते बरोबर ठरले असते. पण अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, मग फरक साडेबारा तासांचा होतो. खरी वेळ ९:१६. पानावरचा उलटा मोजणारा काटा दुपारी कोणीतरी बघितला म्हणून वाचले. एका तासाच्या फरकाने लिलाव हातचा गेला असता. काट्यावर विश्वास ठेवावा, स्वतःच्या बेरजेवर नाही.

शेवटच्या दिवशी भाव ३१० डॉलर होता, वरची बोली ब ची. नऊच्या सुमारास गादीवर धाकटा मालक, मुनीम आणि मोबाइलवर सीए. लॅपटॉपला दोन नेट जोडलेली, दुकानाचे ब्रॉडबँड आणि एका फोनचे हॉटस्पॉट.

या बाजारात प्रॉक्सी बोली चालते: तुम्ही तुमचे छत टाकता, यंत्रणा ते झाकून ठेवते आणि समोरच्यापेक्षा फक्त एक पायरी वर बोलते. पायऱ्या ५०० डॉलरच्या खाली १० ची, वर २५ ची. आणि शेवटच्या ५ मिनिटांत कोणतीही बोली आली तर घड्याळ पुन्हा ५ मिनिटांवर जाते. ईबेच्या सवयीने शेवटच्या तीन सेकंदांत बोली टाकून समोरच्याला गाफील पकडायचा डाव इथे चालत नाही. तरीही उशिरा बोलण्याचा एक फायदा उरतो: नव्या माणसांना यादीत नाव वर आलेले दिसायला दिवस उरत नाहीत.

३ मिनिटे ४० सेकंद उरली असताना धाकट्याने १,२०० टाकले. पान ताजे झाले: सध्याचा भाव ३२०, वर तुम्ही. घड्याळ ५:००. ब ने ४०० टाकले, यंत्रणेने पेढीसाठी ४१० केले. पुन्हा ५:००. ब ५००, पेढी ५२५. ब ६००, पेढी ६२५. ब ७००, पेढी ७२५.

"दादा, हे तं वाढूनच राहिलं," मुनीम म्हणाला.

ब कोण आहे, खरा माणूस आहे की बाजाराचाच कोणी, ही शंका इथे प्रत्येकाला येते आणि ती अगदीच हवेतली नाही. २००९ मध्ये स्नॅपनेम्स या अमेरिकी लिलाव-कंपनीने स्वतःच जाहीर केले होते की तिचाच एक वरिष्ठ अधिकारी टोपणनावाने वर्षानुवर्षे बोली लावत होता. कंपनीने ग्राहकांना फरकाची भरपाई देऊ केली. बोलणाऱ्याला ते त्या क्षणी ओळखता येत नाही. त्याच्या हातात फक्त कागदावरचे छत. सीएने फोनवर एवढेच विचारले, "बाराशेच्या खाली आहे ना? मग लॅपटॉपला हात लावू नका."

ब ७७५, पेढी ८००. ब ने ८४० टाकले, हा विचित्र आकडा म्हणजे त्याचे छत जवळ आल्याची खूण. गोल आकड्यांनी उड्या मारणारा माणूस शेवटी असा चिंचोळा होतो. पेढी ८६५. घड्याळ ५:००, ४:००, ०:३०, संपले. सव्वानऊऐवजी पावणेदहा. सात वेळा वेळ वाढली होती.

पैसे भरायला ४८ तास. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच चालू केले होते. मार्च २०२० पासून नव्या कार्डावर ते मुळात बंदच येतात. तरी पहिला प्रयत्न फसला, कारण त्याच ॲपमधली परदेशी व्यवहाराची मर्यादा ५०,००० वर ठेवलेली. ती वाढवून दुसऱ्यांदा गेले. ८६५ अधिक २०, म्हणजे ८८५ डॉलर. ७५,२२५ रुपये, मार्कअप २,६३३, त्यावर जीएसटी ४७४. एकूण ७८,३३२. मेसेज आला, थोरल्यांनी पेढे मागवले.

१९ मार्च: रद्द

दुसऱ्या दिवशी दुपारी लिलाव-बाजाराचा मेल: जुन्या नोंदणीदाराने नूतनीकरण केले आहे, तुमची खरेदी रद्द, रक्कम परत केली जाईल.

पेढीत रात्रीपर्यंत घबराट होती. ब ने जुन्या खात्यात शिरकाव केला? रजिस्ट्रारने नाव हडपले? रजिस्ट्रारच्या मदत-फोनवर उत्तर एकच, खातेदाराची माहिती देता येत नाही. तेही नियमानुसारच, रजिस्ट्रारच्या दृष्टीने पेढी ही त्या नावाची कोणीच नव्हती.

उत्तर रात्री पुण्याहून आले. १५ मार्चला थोरल्यांनी त्या मुलाला फोन केला होता, "तुझ्या खात्यात आहे ते, बघ बाबा काहीतरी." त्याचा जुना मेल गेलेला, खात्याचा दुहेरी पडताळणीचा नंबरही बंद. त्याने रजिस्ट्रारला ओळखपत्र पाठवून खाते परत मिळवले, त्याला चार दिवस लागले. आत गेल्यावर नावापुढे नूतनीकरणाचे बटण दिसले, दंडासह पैसे भरले, आणि काम झाले म्हणून झोपला. लिलाव जिंकल्याचे त्याला कोणी सांगितले नव्हते. तो काय करतो आहे हे धाकट्याला थोरल्यांनी सांगितले नव्हते. दोन दारे ठोठावली ती बरोबर, पण दाराशी उभे असलेल्या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. १८ मार्चला संध्याकाळी एक फोन पुण्याला गेला असता, तर बोली लावायचीच नव्हती.

परताव्याचे ८८५ डॉलर आठवडाभराने आले, पण बँकेच्या त्या दिवशीच्या ८४.२० च्या दराने, ७४,५१७ रुपये; मार्कअप परत नाही. तोटा ३,८१५. लिलावात जिंकून पेढीने बँकेला एवढे दिले. खरे तर स्वस्तात सुटली. पण हे नशीब होते, नियोजन नव्हे.

पुढचे काम किरकोळ दिसते, पण क्रम चुकला तर नाव पुन्हा अडकते. आधी वेबसाइटवाल्याच्याच खात्यातून डीएनएस दुरुस्त: जाहिरात-पानाचे नेमसर्व्हर काढून जुने लावले, एमएक्स तपासली. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर-नोंदी ४८ तासांपर्यंत जगभरच्या सर्व्हरांच्या आठवणीत राहू शकतात, त्यामुळे काही मेल दोन दिवस परत येतच राहिले. मग पेढीच्या नावाने त्याच रजिस्ट्रारकडे नवे खाते आणि तिथल्या तिथे खाते-बदल. यासाठी ऑथ कोड लागत नाही. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे लगेच न्यायचा मोह टाळला, कारण नोंदणीदाराचे नाव बदलल्यावर ६० दिवस बाहेर नेण्यावर बंदी येऊ शकते आणि आधी बाहेर न्यायला निघाले असते तर मालकीचा पुरावा पुन्हा पुण्यावरूनच मागवावा लागला असता. नव्या खात्याचा मेल मुद्दाम याच डोमेनवरचा ठेवला नाही; नाव गेले तर नाव गेल्याची सूचनाही त्याच्याबरोबर जाते. नूतनीकरण हाताने, एकदम पाच वर्षांचे, आणि तारीख मुनिमाच्या डायरीबरोबर सीएच्या कॅलेंडरमध्येही.

दरम्यानच्या महिन्यात परत गेलेले मेल परत येत नाहीत. रायपूरच्या व्यापाऱ्याने ऑर्डर पुन्हा टाकली. इतर कोणी कोणी टाकली होती ते कळायला मार्ग नाही.

२१ मार्चला धाकट्याला डॉट इनची आठवण झाली. नाव गेलेले होते, नोंदणीची तारीख १८ मार्च, म्हणजे लिलावाचीच रात्र. डॉट इन ही भारताची नावे सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत येते, त्यासाठी आयएनडीआरपी ही वेगळी तक्रार-पद्धत आहे, पण तिथेही प्रश्न ट्रेडमार्कचाच, आणि अर्ज अजून परीक्षणात. त्या पत्त्यावर सध्या एकच पान दिसते: हे नाव विक्रीला आहे, १,८०० डॉलर.